एक तास तरी

"गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंत का, भाऊजी?"

विचारणारा टॅबमध्ये डोकं घालून बसला होता. खरं तर भाऊजींच्या तोंडाकडे बघणं त्याच्या जिवावर आलं होतं. सरकारी रोजगार सर्वेक्षणाचा नियमच तसा. एकदा घर निवडलं गेलं की वर्षभर, दर तीन महिन्यांनी, त्याच घरी फेरी मारायची आणि तिथला कोण कामावर आहे, कुणाचं काम सुटलं, कोण शोधतोय ते टिपून घ्यायचं. नशिबाची थट्टा बघा, यंदा सोडतीत निघालेलं हे घर त्याच्याच सहकारी बाईचं होतं. ती स्वतः पलीकडच्या भागात दारोदार हेच प्रश्न विचारायची. पण आपल्या घराची माहिती आपणच भरायची नसते, म्हणून हा यायचा.

पहिल्या फेरीला भाऊजी बाटल्यांच्या कारखान्यात मशीन चालवत होते. दुसऱ्या फेरीपर्यंत कारखान्याला टाळं लागलं. तिसऱ्या फेरीला त्यांनी "शोधतोय" असं सांगितलं होतं, तेही ठणकावून. आजची फेरी शेवटची.

बाई कॉटवर उशीला टेकून बसली होती. सहकारी जाईपर्यंत जागचं हलायचं नाही, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं. चार पावलं टाकली की धाप लागायची आणि धाप काही लपवता येत नाही. डॉक्टरांनी जिने चढायला साफ मनाई केली होती. ऑफिसात हे कळलं असतं तर सगळंच आटोपलं असतं. कंत्राटी बाईसाठी कुणी जागा राखून ठेवत नाही. आणि घराची चूल तर आता तिच्याच पगारावर पेटत होती. म्हणून चहा नवऱ्यानं केला, कपबशाही त्यानंच आणून ठेवल्या.

"नाही," नवरा म्हणाला. "काहीच काम केलं नाही."

बाईनं आठवण दिल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या प्रश्नाला "शोधतोय" म्हणायचं, हे तिनं त्याच्याकडून पोपटासारखं घोकून घेतलं होतं. शोधणारा माणूस सरकारदरबारी निदान बेकार तरी असतो. शोधणं सोडलं की तो बेकारसुद्धा राहत नाही, त्या मोजणीतूनच गळतो. असे पुरुष तिनं घरोघरी पाहिले होते. पुढच्या फेरीला जावं तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आपल्या माणसाला त्यांच्यात बसवायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"बरं, काम शोधलंत?"

"नाही."

"अहो!" बाईच्या तोंडून निघून गेलं.

"एखादा अर्ज? ओळखीपाळखीत विचारणा?"

"घराबाहेरच पडत नाही मी. खातो आणि पडून राहतो. तसंच लिहा."

सहकाऱ्यानं तसंच लिहिलं. मग मात्र त्याला राहवलं नाही. "भाऊजी, राग मानू नका, पण ताई दिवसभर जिने चढते. आमच्यात सगळ्यात चोख काम तिचं. आमच्या तोंडावर लोक दार लावतात, आणि तिच्या भागातले पुरुष म्हणे मनातलं सगळं सांगतात. साहेब तिचा दाखला देतात आम्हाला. अशा बाईच्या जिवावर बसून खाताना तुम्हाला घास तरी कसा गोड लागतो?"

नवऱ्यानं मान खाली घातली आणि रिकाम्या कपबशा उचलल्या. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. सहकाऱ्याला वाटलं, झालं ते बरंच झालं, कुणीतरी बोलायलाच हवं होतं. दारात टाचा पार झिजलेल्या पुरुषी चपला पडल्या होत्या. त्या पायानं बाजूला सारून तो निघून गेला.

"शोधतोय म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" त्याची चाहूल गेल्यावर ती म्हणाली. एवढ्यानंही तिला दम लागला. "केवढं ऐकून घेतलंत! तोंडाला कुलूप लागलं होतं का?"

"शोधतोय म्हटलं असतं तर कुठे कुठे जाता, ते विचारलं असतं त्यानं. तुला माहीतच आहे, विचारावंच लागतं. आणि मी जातो ते एकाच भागात. तुझ्या."

तिनं उशीखालून आपला टॅब काढला, अंगावरच्या पदरानं काच पुसली आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो पिशवीत सरकवला, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला आणि चपला घातल्या.

"हळू जा," ती म्हणाली. "आणि कुणी विचारलंच, तर..."

"बाईंना यायला जमलं नाही, एवढंच सांगतो."

तिच्या भागातल्या तिसऱ्या मजल्यावर त्यानं कडी वाजवली. दार उघडलं ते दाढी वाढलेल्या एका माणसानं. भरदुपारी तो बनियनवरच होता. मागच्या फेरीला त्यानं "शोधतोय" असं सांगितलं होतं, तेही ठणकावून.

"पुन्हा आलात?" माणूस म्हणाला. "काम करत नाही. शोधतही नाही. खातो आणि पडून राहतो. लिहा आणि जा."

नवऱ्याचं बोट टॅबवर गेलं. मग त्यानं खाली दारातल्या चपलांकडे पाहिलं. त्यांच्याही टाचा पार झिजल्या होत्या. त्यानं टॅब पिशवीत ठेवला, उंबऱ्याशी बसकण मारली आणि हलक्या आवाजात विचारलं,

"एक तास तरी?"