वाफ वाढव

छगन वाळवणघरात शिरलाय हे ठाऊक असतं, तर धनश्रीने वाफेच्या झडपेच्या चाकाला हातही लावला नसता. पण फोनवर सूर्यभानकाका एवढंच ओरडले, “धना, वाफ वाढव! लवकर!” आणि फोन बंद. सकाळपासून चिपाड ओलंच येत होतं, दोनदा काकांनी ‘जरा जास्ती सोड’ म्हणून सांगितलं होतं. म्हाताऱ्याला कसली एवढी घाई, असं पुटपुटत तिने चाक दोन फेरे आणखी उघडलं.

नागापूरच्या त्या कारखान्यात उसाच्या चिपाडापासून वायू आणि वायूपासून डिझेल करत. ज्या नळ्यांत वायूचं डिझेल होई, त्या आपोआप इतक्या तापत की भोवतीच्या पाण्याची वाफ होई. ही फुकटची वाफ पाइपांनी वाळवणघरात नेऊन पुढचं चिपाड वाळवायचं. पाहुणे आले की साहेब छाती फुगवून सांगत, “आमच्याकडे काही म्हणजे काही वाया जात नाही.”

आधी धाडकन आवाज आला आणि मग छगनची किंकाळी. धनश्री धावत पोचली तेव्हा वाळवणघराच्या दारातून पांढरे लोट येत होते. अडकलेलं चिपाड मोकळं करायला छगन आत गेला होता. पाइपाचा सांधा फुसफुसताना बघून काकांनी तिला फोन लावला होता.

वाफ बंद करून छगनला ओढून बाहेर काढलं, तेव्हा तो ओरडायचा थांबला होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आरतीला, त्याच्या बायकोला, आता कोण सांगणार, असं कुणीतरी म्हणालं.

“तुला वाढव म्हनलं हुतं ना गं?” काका ओरडले.

“वाढवली की, काका. चांगले दोन फेरे.”

साखर कारखान्याच्या बॉयलरवर उभा जन्म काढलेले काका मटकन खाली बसले.

“दिवा वाढव म्हनत्यात, पोरी. दुकान वाढव म्हनत्यात. आमी भट्टीलाबी तसंच म्हनायचो.”

धनश्रीला आत्ता कुठे कळलं. “मग सरळ ‘बंद कर’ म्हणायचं ना हो, काका!”

सूर्यभानकाकांनी छगनकडे पाहिलं.

“तसं म्हनू नये,” ते हळूच म्हणाले. “अपशकुन हुतो.”