टँकमधलं तण

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं लोकांच्या बागा राखल्या, आता एकेक विसरत चाललेत. मन रमावं म्हणून लेकानं माशांचा टँक आणला आणि त्यात खत नको, फार उजेड नको, अशी रोपं लावून दिली. घरात माझ्या शब्दापुढे कुणी जात नाही, पण हे रोज सकाळी बाही सारून पाण्यात हात घालायचे आणि "किती तण माजलंय!" म्हणत सगळी रोपं उपटून ठेवायचे. मी तोंडाचा पट्टा सुरू करायचे, "अहो, तण नव्हे ते, हात काढा आधी!" आणि एकेक रोप परत वाळूत खोचायचे. रोपं इतकी चिवट, की मरायचं नाव नाही.

गेले चार दिवस ह्यांनी टँककडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता हेही विसरले की काय? आज मीच सगळी रोपं उपटली आणि ह्यांच्या हातात दिली.



दाराकडे बघत हे हळूच म्हणाले, "बाई, आधी परत लावा ती. आमच्या हिनं पाहिलं तर तुमची खैर नाही."