कानाला हात

"शनिवार," वारघडे म्हणाले. "एक जून एकोणीसशे सेहेचाळीसला शनिवार होता. मी शुक्रवारचा. सुकऱ्या नाव उगाच नाही ठेवलं."

कमलेशने त्यांच्या सेवापुस्तकावरून मान वर केली. जव्हारच्या कचेरीत नोकरदारांची पुस्तकं सांभाळणारा लिपिक तो. "साहेब, एका दिवसाने काय होतंय? निवृत्ती एकतीस मेलाच."

"दिवस चुकला, तर वर्षही चुकलं असेल. अर्ज टाइप कर."

"जन्मतारखेचा अर्ज नोकरी लागल्यावर पाच वर्षांत करायचा असतो."

"लिहिणाऱ्याचीच चूक असेल तर वेगळं. नियम पूर्ण वाच."

वारघडेंना फक्त एक महिना हवा होता. गटविकास अधिकारी तीस जून २००४ ला निवृत्त होणार होते. बढतीच्या यादीत त्यांच्या जागी पहिलं नाव वारघडेंचं, आणि वारघडे त्याच्या महिनाभर आधी घरी जाणार. हातातोंडाशी आलेला घास असा जातो म्हटल्यावर कोणाचाही जीव तुटेल. वारघडेंचा तुटत होता.

सदतीस वर्षांपूर्वी ते याच कचेरीत शिपाई म्हणून लागले. साहेबांच्या दाराबाहेर एक स्टूल असायचं. घंटी वाजली की आत जायचं, एरवी स्टुलावर बसायचं, आणि वरच्या फळीवरची फाइल हवी असली की त्याच स्टुलावर चढायचं. देवाने त्यांना घडवताना जरा हात आखडता घेतला होता. तयार शर्टाच्या बाह्या त्यांना अजूनही दोनदा दुमडाव्या लागत.

स्टुलावर बसूनच त्यांनी मॅट्रिक केलं. लिपिक झाले. पुढच्या खात्याच्या परीक्षेत तीनदा नापास झाले, चौथ्या खेपेला सुटले. विस्तार अधिकारी म्हणून मोखाड्याचे पाडे पायी फिरले. कुठला हातपंप पाणी देतो आणि कुठला नुसता कागदावर आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते हातपंप चालू करायचे, तर सहीचा अधिकार गटविकास अधिकाऱ्याच्या खुर्चीत होता. परत पाठवलं की परत जायचं, ही त्यांची खोड. ती कधी लागली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अर्ज ठाण्याहून दोनदा परत आला. तिसऱ्या वेळी सुनावणीची तारीख लागली.

त्या आठवड्यात खोडाळ्याच्या बाजारात त्यांना माघ्या मास्तर भेटले. एकाच पाड्यावरचे दोघं. मास्तर तीन वर्षांमागे निवृत्त होऊन नागलीच्या शेतात रमले होते.

"सोड ना रं," मास्तर म्हणाले. "ये माझ्यासंगं शेतावर."

"तुझं वय झालं. माझं नाही. मी पहिलीत होतो तेव्हा तू चौथीत होतास."

"त्ये खरं." मास्तरांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "साक्षीला कोन?"

"आई. दुसरं कोण उरलंय?"

मास्तर पिशवीचं तोंड आवळू लागले. "तिला नको नेऊस. थकलीय. एस्टीचा परवास झेपायचा नाय."

पण वारघडेंच्या आई पोशीबाई आल्या. नवं लुगडं नेसून आल्या. बायकोने सुचवून पाहिलं होतं, सासूबाईंना दोन गोष्टी पढवून ठेवा म्हणून. वारघडे तिच्यावर चिडले. आईला पढवून मिळालेल्या खुर्चीत त्यांना बसायचं नव्हतं. आठवतं तेवढंच सांग, इतकंच ते आईला म्हणाले.

सुनावणी कचेरीतच झाली. ठाण्याहून आलेल्या पुष्पलता मॅडमनी शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं. १९५२ च्या पानावर बावीस मुलं होती. बावीसही एक जूनला जन्मलेली, बावीसही सहा वर्षांची.

मॅडमना हसू आलं. "गुरुजींनी एकाच दिवशी सगळ्यांची बारशी उरकली."

"त्यांचं माप एकच," वारघडे म्हणाले. "उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली की मूल सहा वर्षांचं. वर्गात सगळ्यांत लहान मी होतो, मॅडम. फळ्यावर लिहायला गुरुजी मला खुर्चीवर उभं करायचे. मला वर्ष-दोन वर्षं आधीच बसवलं असणार."

मॅडमनी पुन्हा पान पाहिलं. "पटण्यासारखं आहे. ही तारीख अंदाजाची, हे तर दिसतंच. खरं वय सांगणारं घरचं कोणी आहे?"

पोशीबाई दाराबाहेर त्याच जुन्या स्टुलावर बसल्या होत्या. कमलेशने त्यांना आधार देऊन आत आणलं आणि लिहून घ्यायला बसला.

"आजी, शाळेत घातलं तेव्हा हे फार लहान होते का?"

पोशीबाईंनी लेकाकडे पाहिलं. अख्ख्या कचेरीसमोर लेकाबद्दल विचारलं जात होतं, आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

"लहान नाय, बाय. आखूड व्हता. तीन पावसाळे गुरुजींनी माघारी धाडला. हात कानाला पुरंच ना. पन हट्टी किती. दर पावसाळ्याला आपला आपनच जाऊन उभा."

कमलेश लिहीत होता.

"आये," वारघडे हळू आवाजात म्हणाले.

"सांगू दे रं. बाय, माघ्या मास्तर न ह्यो एकाच आठवड्याचं. माघ्याचा हात पुरला, तो बसला. ह्याचा पुरला तवा माघ्या चवथीत व्हता."