सोबत कोण?

चौथा ग्लास हेमांगीने कसाबसा संपवला. सोनोग्राफीआधी पोटभर पाणी प्यायचं आणि बाथरूमला अजिबात जायचं नाही, असं काउंटरवरच्या बाईंनी बजावलं होतं.

शेजारी नाईकवडे बसले होते. वधूवर मंडळातून ओळख झाल्यावरची ही तिसरी भेट. पहिल्या दोन डोसे खाऊन पार पडल्या होत्या. तिसरीला तिने मुद्दाम इथे बोलावलं. गर्भाशयात गाठी आहेत, कदाचित ते काढावंच लागेल, हे ऐकून आधीच्या स्थळाला तातडीने गावी जावं लागलं होतं. पळायचंच असेल तर माणसाने लवकर पळावं, असं तिचं मत झालं होतं.

"हे मिस्टर का?" बाईंनी फॉर्म भरता भरता विचारलं.

"नाही. ओळखीचे आहेत."

बाईंनी तसंच लिहिलं. नाईकवड्यांनी स्वतःसाठीही पाण्याचा ग्लास भरला.

"तुम्ही कशाला पिताय?"

"तुम्ही एकट्याच पिताय, बरं दिसत नाही."

मग तिच्या प्रत्येक ग्लासाला त्यांचाही एक झाला.

तपासणी आटोपून ती बाहेर आली. गाठी वाढल्या नव्हत्या, ऑपरेशन तूर्त टळलं होतं. नाईकवड्यांची खुर्ची रिकामी होती. तिला नवल वाटलं नाही. शिवाय आता थांबायला वेळही नव्हता. ती बाथरूमकडे धावली. दाराला आतून कडी.

"तुमचे ओळखीचे आहेत आत," बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा गेलेत."

हेमांगीने दार बडवलं. "अहो, आटपा की. किती वेळ तो?"

बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि 'ओळखीचे' खोडलं.