तीन सह्यांचं पान

सन २००६. दप्तरखान्यातले जुने कागद संगणकावर कुठल्या प्रकारच्या फाईलमध्ये कायमचे टिकतील, ते आम्ही तिघं, म्हणजे साहेब, ऑपरेटर आणि मी, ठरवत होतो. चाचणीसाठी एका कोऱ्या कागदावर तिघांनी सह्या करून तो स्कॅन केला.

पन्नास वर्षं न बदलणाऱ्या प्रकारात साहेबांची सही उमटेना. बाकी सगळ्या प्रकारांत ती होती.

"पुन्हा करू का, साहेब?" ऑपरेटरने विचारलं.

"सातदा झालं ना? माझ्या सहीवाचून काय अडतंय," साहेब दमून म्हणाले. "हाच प्रकार मंजूर."

साहेब त्याच महिन्यात वारले. पुढे त्या मंजूर प्रकारच्या फाईलमधली ऑपरेटरची सही दिसेनाशी झाली, आणि आठवड्यात तोही गेला.

मी अजून आहे. आज सकाळी नातीने ती फाईल उघडली.

"आजी, हे कोरं पान कशाला जपलंयस?"