ताई काय म्हणाली

श्रवणयंत्र असूनही आईला टीव्हीवरचं बोलणं कळत नसे. पार्श्वसंगीतात शब्द बुडून जात. नटी झालेल्या लेकीच्या मुलाखती ती नुसत्या बघायची आणि धाकटा मुलगा कानाशी ओरडून सांगायचा, “ताई तुझंच कौतुक करतेय गं!” आज मुलगा कामावर गेल्यावर तिनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं टीव्हीमागे छोटी डबी बसवून आवाज थेट यंत्रात सोडला. संध्याकाळी लेकीची मुलाखत लागली आणि तिचा शब्दन्‌शब्द कळू लागला. कधी एकदा मुलाला सांगते, असं तिला झालं. तो येऊन शेजारी टेकला, तोच निवेदिकेनं विचारलं, “घरून पाठिंबा होता?” लेक म्हणाली, “कुणाचा? आई तर मी लहान असतानाच गेली.” मुलगा कानाशी ओरडला, “ताई म्हणतेय, सगळं आईमुळेच!” “हो का?” आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “गुणाचं रे माझं लेकरू.”