शनिवारची गिऱ्हाइकं

“फोटो काढायचे नाहीत,” नॉरीन दारातच आडवी उभी राहिली.

एजंट ग्रँट कसनुसं हसला. “अहो, भिंतींचे तर काढायचेत. मालकाने घर विकायला काढलंय. तिकडे पर्थमध्ये बसून घेतलेलं, त्याने ते डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. नवा मालकही तसलाच निघेल. त्याला भाडं हवं, तुम्हाला छप्पर. घाबरता कशाला?”

फोटो काढून होईपर्यंत नॉरीन टिलीला घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसली.

मेलबर्नच्या पार टोकाला, मेल्टनच्या त्या गल्लीत दोघी गेल्या हिवाळ्यात राहायला आल्या होत्या. टिली सहा वर्षांची. कुणाशी बोलायची नाही, शाळेत जायची नाही. नॉरीन तिचा अभ्यास घरीच घ्यायची, केसही घरीच कापायची, मुलग्यासारखे बारीक. गल्लीत गाडी थांबली की नॉरीनचा हात आधी दिव्याच्या बटणाकडे जायचा.

शेजारच्या व्हासोकाकू ग्रीक, जग पाहिलेल्या. कुंपणावरून लिंबं देताना त्यांनी एकदा हळूच विचारलं होतं, “मारायचा का गं तो?”

नॉरीनने मान खाली घातली.

“हात झडोत मेल्याचे!” काकू म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शनिवारी घर बघायला माणसं यायची होती. तेवढा वेळ टिलीला घेऊन दूर कुठेतरी जायचं, असं नॉरीनने ठरवलं होतं. पण सकाळी पोर तापाने फणफणली. मान धरवेना. नॉरीन रडकुंडीला आली.

“मी बसते की खोलीच्या दाराशी,” काकू खुर्ची घेऊनच आल्या. “कुणी बाप्या आत घुसू दे, मग बघते!”

दहा वाजता दार उघडलं. माणसं बुटांसकट सगळीकडे फिरू लागली. कुणी नळ सोडून पाहिले, कुणी भिंतीवर टिचक्या मारल्या.

“भाडं वाढवता येईल का हो?” एकाने नॉरीनच्या समोरच ग्रँटला विचारलं.

काळा चष्मा लावलेला एक धिप्पाड माणूस थेट मागच्या खोलीकडे निघाला. नॉरीन त्याच्या मागे धावली.

“या खोलीत काय आहे?”

“आजारी लेकरू,” काकू जागच्या हलल्या नाहीत. “भिंती बाहेरच्यासारख्याच आहेत. विकत घेतलंत की मग बघा.”

तो ओशाळून माघारी वळला. माणसं पांगू लागली. ग्रँट माहितीपत्रकं गोळा करायला लागला.

तेवढ्यात एक बाई आत आली. तिने माहितीपत्रक घेतलं नाही. छताकडे पाहिलं नाही, भाडं विचारलं नाही. तिला पाहताच नॉरीनचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

बाईमाणूस बघून काकूंनी खुर्ची सरकवली. “या हो, या. फक्त हळू बोला, पोरीला ताप आहे.”

बाई खोलीच्या उंबऱ्यावरच थबकली. पांघरूण भिरकावून टिली पलंगावरून उतरली आणि “आई! आई!” करत त्या बाईच्या गळ्यात पडली.